चुकल्या निरोपाचं पाणी

हरसूलच्या एसटी स्टँडवर बुधा नावाचा हमाल होता. हमाली करायचा म्हणण्यापुरती. खरं काम निरोप पोचवायचं. नाशकाहून येणारा कंडक्टर ओरडून सांगायचा, अमक्याच्या आईला सांग, पोराचा ताप उतरला. बुधा डोक्यावरचं पोतं खाली ठेवायचा आणि डोंगर चढून पाड्यावर जायचा. कुणी चार मुठी भात द्यायचं, कुणी नुसतं 'बस रे' म्हणायचं. त्याला दोन्ही चालायचं. बायको कुरकुरायची, की ह्या माणसाला लोकांच्या पोरांचे ताप बरोब्बर ठाऊक, स्वतःच्या पोराला खोकला झालाय हे मात्र मी सांगावं लागतं.

तो खोकणारा पोरगा म्हणजे लखन. गोष्ट त्याची आहे.

भात कापून झाला की आई त्याला घेऊन पिंपळगावच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. वेलींच्या सावलीत साडीची झोळी बांधलेली असायची, तीत तो वाढला. पुढे आश्रमशाळा. तिथे एक कॉम्प्युटर होता, धूळ बसू नये म्हणून चादरीखाली झाकलेला, आणि तो कोणी बिघडवू नये म्हणून कधीच न लावलेला. लखनने त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते पंधरा ऑगस्टला, पाहुण्यांना दाखवायला चादर काढली तेव्हा. बस, पोरगा खुळावला. डिप्लोमा केला, नाशकात कॅनडा कॉर्नरजवळ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या छोट्या ऑफिसात नोकरी मिळवली, आणि रोज संध्याकाळी मालकाच्या परवानगीने थांबून इंटरनेटवरून पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकला. बुधाला वाटायचं, पोरगा सापांचं काहीतरी करतो. लखनने त्याला दोनदा समजावलं आणि मग सोडून दिलं.

२००८ साली पावसाळा सरता सरता तृप्तीताई ऑफिसात आल्या. मजुरांसाठी काम करणारी त्यांची एक छोटी संस्था होती. त्या म्हणाल्या, "डोंगरातली माणसं आता बागांवर येतील. तिकडे म्हातारी माणसं एकटी राहतात. कोणाच्या मरणाचीसुद्धा खबर वेळेवर पोचत नाही. आता प्रत्येक पाड्यावर एखादा तरी मोबाइल आहे. तिथे मेसेज जाईल आणि तो माणूस घरी जाऊन सांगेल, असं काही होईल का?"

मालकाने लखनकडे पाहिलं. लखनच्या मनात आलं: बापाचंच काम की हे. फक्त डोंगर चढायचा नाही.

काम असं होतं. मेसेज पाठवणारी एक कंपनी मुंबईत होती. ताईंनी सगळ्या पाड्यांच्या मोबाइलवाल्यांचे नंबर तिच्या सर्व्हरवर चढवून घेतले होते. लखनने पायथनमधून त्या सर्व्हरला सांगायचं, हा निरोप, ह्या ठिकाणी. आता सर्व्हरला काही सांगायचं म्हणजे पत्त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह लावायचं आणि पुढे जोड्या लावत जायच्या: निरोप बरोबर हे, भाषा बरोबर ते. पायथनमध्ये ह्याच्याइतकं सोपं काही नाही. जोड्यांची एक डिक्शनरी करायची आणि तयार फंक्शनच्या हवाली करायची, ते माळ ओवून देतं.

पण ह्या सर्व्हरचा नखरा वेगळा होता. त्याला ठिकाण एका शब्दात नको होतं. ठिकाणाच्या आत तालुका, गाव आणि पाडा, असं वेगवेगळं हवं होतं. म्हणजे डिक्शनरीच्या आत दुसरी डिक्शनरी. आणि ते तयार फंक्शन आतली डिक्शनरी उघडायचंच नाही. ती आहे तशी, कंसांसकट, टक्क्यांच्या खुणांमध्ये गुंडाळून पाठवून द्यायचं, आणि सर्व्हर उत्तर द्यायचा, ठिकाण समजलं नाही. लखनने दोन दिवस डोकं फोडलं. तिकडे दिवाळी तोंडावर आली, मजुरांच्या टोळ्या निघायला लागल्या, ताईंचे फोन सुरू झाले.

मग त्याला एक पळवाट दिसली. त्याच सर्व्हरला बाहेरच्या बाहेर नुसतं पाड्याचं नाव दिलं तरी चालत होतं. त्या नावाचा जो पहिला पाडा सापडेल त्याचा नंबर तो उचलायचा. लखनने स्वतःच्या करंजपाड्याचं नाव घालून पाहिलं. बुधाच्या शेजाऱ्याचा फोन वाजला. आणखी एकदोन पाड्यांवर पाहिलं, बरोबर गेलं. झालं, पठ्ठ्याने आतली डिक्शनरी काढून टाकली आणि ताईंना कळवलं, "ताई, चालू करा."

आता कोणी म्हणेल, डोंगरातला पोरगा, त्याला ठाऊक नव्हतं का की एकाच नावाचे चार चार पाडे असतात? ठाऊक होतं हो. पण डोंगरातलाच होता म्हणून तर चुकला. शहरातला असता तर भाबडेपणाने तालुका विचारला असता. हरसूलकडच्या माणसाला वडपाडा म्हणजे एकच, पलीकडच्या टेकडीवरचा. त्याच्यापुढे गावाचं नाव लावायचं म्हणजे आपल्याच मामाची ओळख करून देण्यासारखं. त्याच्या मनाला ते सुचलंच नाही.

महिनाभर सगळं झकास चाललं. निरोप जायचे, उलटे निरोप यायचे. बुधाला पोराने फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझं पायताण वाचलं असतं रे." लखनला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्याने ऑफिसात सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

मग पिंपळगावच्या एका बागेतून सविताचा निरोप आला. सविता हरसूलकडच्या वडपाड्याची, पहिलटकरीण. नवऱ्याच्या टोळीबरोबर आली होती, आणि तिथल्याच सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. निरोप होता: 'वडपाडा. भागीबाईला सांगा, सविताला मुलगी झाली. दोघी खुशाल. पाचवीला पिंपळगावला या.' टोळीचं नाव आणि बागेची खूण खाली दिली होती. पाचवीला पोरीच्या कपाळावर सटवाई नशीब लिहून जाते. त्या वेळी आईची आई जवळ हवी, असा तिकडचा रिवाज. सविताने सासूला नव्हे, फक्त आईला बोलावलं होतं. लखनने तो मेसेज स्वतः वाचला आणि पाठवला. सर्व्हर म्हणाला, पोचला.

पाचवीच्या दिवशी सकाळी तृप्तीताईंचा फोन आला.

"लखन, बागेतून मुकादमाचा फोन होता. म्हातारी आली आहे."

"बरं झालं ना ताई."

"अरे, दुसरीच आली आहे. नाव भागीबाईच. वडपाड्याचीच, पण पेठकडच्या. तिचीही सविता नावाची मुलगी आहे. घरच्यांना न विचारता लग्न केलं आणि सुरतेकडे मजुरीला निघून गेली. भावांनी नाव टाकलं. तेव्हापासून खबर नाही. म्हातारीला वाटलं, पोरीने बोलावलं." ताई हळूच म्हणाल्या, "तिला कोणी अजून सांगितलेलं नाही. कोणाची जीभच उचलत नाही."

लखनला आपली चूक कळायला क्षणही लागला नाही. सर्व्हरवर पेठ तालुका आधी चढवला होता. पहिला वडपाडा तिथला. एका म्हातारीच्या दारात त्याने तिची हरवलेली पोर नेऊन उभी केली होती, आणि आता ती परत घ्यायची होती.

पण आधी दुसरी भागीबाई. खरी. संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती पिंपळगावला पोचायला हवी होती. लखन कॉम्प्युटरपुढे बसला. दोन दिवसांत जे जमलं नव्हतं ते आता जमवायला हवं होतं, आणि गंमत बघा, जमलं. त्याने ते तयार फंक्शन बाजूला ठेवलं आणि स्वतःचं छोटंसं लिहिलं. एकेक जोडी घ्यायची. उजवीकडे साधा शब्द असेल तर तसाच ठेवायचा. उजवीकडे आणखी एक डिक्शनरी असेल तर बाहेरचं नाव हातात धरून आत शिरायचं, आतलं नाव चौकटी कंसात त्याच्या मागे लावायचं, आणि आत आणखी काही असेल तर पुन्हा तेच. शेवटी जी सपाट माळ निघाली ती मग तयार फंक्शनला ओवायला दिली. पडद्यावर उमटलं: ठिकाण[तालुका], ठिकाण[गाव], ठिकाण[पाडा], प्रत्येकाच्या पुढे त्याचं त्याचं नाव. सर्व्हरने पहिल्यांदाच कुरकुर न करता ठिकाण ओळखलं. निरोप हरसूलकडच्या वडपाड्याला गेला. लखनने त्यावर विसंबून न राहता तिथल्या फोनवाल्याला स्वतः फोन केला; तो त्याच्या बायकोने उचलला आणि नवरा निरोप घेऊन धावत गेल्याचं सांगितलं.

मग त्याने बापाला फोन लावून सगळं सांगितलं.

बुधा म्हणाला, "माझे काय कमी चुकले? एकदा तर जित्या माणसाचं मेल्याचं सांगून आलो होतो."

"मग काय केलंस बा?"

"काय करणार? पुन्हा गेलो. चुकला निरोप ज्याच्या दारात टाकला त्याच्या दारात आपण जायचं, आपल्या तोंडानं खरं सांगायचं, आणि त्याच्या घरचं पाणी मागायचं. त्यानं दिलं तर मिटलं. नाय दिलं तर पुन्हा जायचं. दुसऱ्याला धाडू नको, लखन."

सीबीएस स्टँडवरून मिळेल त्या गाडीने लखन निघाला. ओझरपर्यंत उभा होता, पुढे जागा मिळाली तरी बसला नाही.

बागेच्या कडेला मजुरांची झोपडी होती. बाहेर दगडावर एक काटकुळी म्हातारी बसली होती, मांडीवर गाठोडं. आजूबाजूच्या बाया उगाच इकडून तिकडे करत होत्या. "सविता अंघोळीला गेली हाय, येईल," असं कोणीतरी तिला सांगून ठेवलं होतं, आणि ती म्हातारी तेवढ्यावर सकाळपासून बसली होती. एवढा वेळ कोण अंघोळ करतं? तिला कळत नव्हतं असं कसं म्हणावं. पण विचारायची तिची हिंमत नव्हती.

लखन तिच्यासमोर खाली मातीत बसला.

"आजी, मी लखन. करंजपाड्याच्या बुधाचा. निरोप मी धाडला होता."

"तू व्हय?" तिचा चेहरा उजळला. "देव तुझं भलं करो पोरा. आमच्या फकिराच्या फोनावर आला. त्यानं वाचला, मी पुन्हा वाचायला लावला. पुन्हा लावला. मंग त्यो वैतागला." तिने गाठोडं सोडलं. नागलीचं पीठ होतं आणि खाली एक छोटी गोधडी. "माझ्याच लुगड्याची हाय. नवं कापड टोचतं बाळाला. ही मी कधीची शिवून ठेवली व्हती, म्हटलं कधी ना कधी लागंल."

लखनने वाटेत जे जे शब्द जुळवले होते ते सगळे गेले. तो म्हणाला, "आजी, निरोप चुकला. तो दुसऱ्या वडपाड्याचा होता, हरसूलकडच्या. दुसऱ्या भागीबाईचा. ही सविता तुमची नाही. चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही."

म्हातारीने गोधडीची घडी घातली. मग ती घडी मोडून पुन्हा घातली.

"म्हंजी ती सुरतंलाच हाय," ती म्हणाली.

"मला माहीत नाही आजी."

"मला वाटलं व्हतं, राग गेला तिचा." आणि मग ती रडली, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. लखनही रडला. त्याची लाज त्याला वाटली नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आजी, मला पाणी देता?"

डोंगरातली बाई ती, तिला रिवाज ठाऊक होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बुधाचा ना तू. पानी माझ्या घरी देईन. हितं कुठं माझं घर हाय? तुला यावं लागंल."

"येईन."

एवढ्यात झोपडीतून हाक आली. सविता, ती नवी आई, आतून सगळं ऐकत होती. उठू नको म्हणून दटावणाऱ्या बायांना बाजूला सारून ती दारात आली, पोरीला कवटाळून. "आत्या," ती म्हणाली, "अशी कशी जाशील? माझी आय अजून आली नाय. तवर हिला घे की. तुझ्या गोधडीत घे."

म्हातारीने आधी हात पुढे केलेच नाहीत. मग केले. पोर गोधडीत गुंडाळली गेली आणि लगेच झोपली. तेवढ्यासाठीच जागी होती जणू. दिवे लागायच्या सुमारास हरसूलची भागीबाई धापा टाकत पोचली तेव्हा तिची नात एका अनोळखी बाईच्या मांडीवर घोरत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी सगळं सांगितलं. हरसूलची भागीबाई पाय धुऊन आली आणि दुसरीच्या शेजारी बसली. पोर मात्र तिने मागून घेतली नाही. पाचवी दोघींनी मिळून केली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसवताना पेठची भागीबाई लखनला म्हणाली, "तुझ्या त्या मशीनीतून माझा निरोप जाईल का?"

"कुठे पाठवायचा आजी?"

"सुरत."

"सुरतेत कुठे?"

तिने मान हलवली. तिला बाहेरचं नाव ठाऊक होतं, आतलं काही नाही. गाव नाही, वस्ती नाही, मुकादमाचं नावसुद्धा नाही. लखन ऑफिसात येऊन बराच वेळ त्या कोऱ्या जागांकडे पाहत बसला. आणि मग त्याला आठवलं की त्या सर्व्हरची आणखी एक सवय होती. ठिकाणाच्या आत नुसता बाहेरचा थर दिला आणि खालचं मोकळं सोडलं, तर तो त्या थराखालच्या सगळ्यांनाच मेसेज पाठवायचा. ताईंनी मुकादमांचे नंबरही चढवले होते, सुरतेकडे जाणाऱ्यांचे सुद्धा. ताई लगेच हो म्हणाल्या. निरोप म्हातारीने फकिराच्या फोनवरून सांगितला, लखनने तो अक्षरशः तसाच घातला: 'पेठकडच्या वडपाड्याची सविता कुठं असंल तिला सांगा. आय रागावली नाय. फकिराच्या फोनावर बोल.' ठिकाणाच्या आत त्याने तालुक्याच्या जागी फक्त सुरत लिहिलं. किती फोन वाजले असतील, देव जाणे.

उत्तर आलं नाही. लखन रोज पाहायचा. आठवडे गेले, मग महिने. फक्त फकिराचा एकदा फोन आला, जरा चिडलेलाच. संध्याकाळी गुजरातचा कुठलातरी मिस कॉल येतो म्हणाला, उचलला की कट होतो. उलटा लावला तर कोणी घेत नाही. "पन म्हातारी ऐकत नाय. रोज कामावरून आली की माझ्या वट्यावर येऊन बसती, फोन मांडीवर घेऊन. मी माझ्या फोनाला पावणा झालोय."

होळीला टोळ्या घरी परततात. लखनही सुट्टी काढून निघाला, आणि करंजपाड्याला जायच्या आधी पेठकडच्या वडपाड्याला गेला, पाणी मागायला. ऊन कलत होतं. भागीबाई फकिराच्या ओट्यावरच होती, हातात सुई, मांडीवर दुसरी गोधडी अर्धी शिवलेली, शेजारी फोन. लखनला पाहून ती उठली.

"आलास. थांब, घरचं पानी आणते. हितलं फकिराचं हाय, ते चालायचं नाय."

ती समोरच्या आपल्या घरात गेली, आणि फोन वाजला. लखन पाहत राहिला. आता कट होईल, मग होईल, असं म्हणता म्हणता तो वाजतच राहिला. म्हातारी तांब्या घेऊन दारात आली होती आणि तिथेच थिजली.

"तू घे," ती म्हणाली. "मी घेतला की कट व्हतो."

लखनने फोन कानाला लावला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. श्वास ऐकू येत होता, आणि दूर कुठेतरी गाड्यांचा आवाज. मग एक बाई हळूच म्हणाली, "बोल की. शिकवलं ना तुला." आणि दोनतीन वर्षांच्या पोराचा आवाज आला, अडखळत, पाठ केल्यासारखा:

"आजी हाय का?"

"आहे," लखन म्हणाला. "इथेच आहे."

त्याने एका हाताने फोन पुढे केला आणि दुसऱ्या हाताने म्हातारीच्या हातातला तांब्या घेतला. ती फोन कानाशी धरून ओट्यावर बसली. लखन अंगणात आला आणि तांब्यातलं पाणी सावकाश, सगळं प्यायला.